पाणी जरा बेतानं : परदेशातल्या अंगणात ‘ऑफिस टाइम’ लावू पाहणाऱ्यांसाठी

घर भाड्यानं घेतलं तेव्हा मार्च होता आणि पुढची हिरवळ पोपटी होती. जुलैत तिचा काथ्या झाला. तुम्ही घाबरून रोज फवारे सुरू केलेत, मग पाण्याचं बिल आलं, आणि रविवारी मला तुमचा फोन आला, “काका, इथं कमी पाण्यात काय येतं?” गावाकडून नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येक घराचा हा प्रश्न असतो. म्हणून सॅन होजे, फिनिक्स, डेन्व्हर, पर्थ आणि दुबई इथली आमची पाच-सहा घरं रोपं मारून मारून जे शिकली, ते एकदाच लिहून ठेवतो.

ज्याची आठवण तुमच्या मनात आहे, त्याच्यापासूनच सुरुवात करू. वळ या आमच्या गावी घरामागं भातशेती होती. आता गोदामांचे पत्रे आहेत आणि दिवसभर ट्रकची धूळ. त्या धुळीत कुंपणाच्या भिंतीवर आईनं रंगाच्या रिकाम्या डब्यांत ऑफिस टाइम लावलं होतं. कुणी त्याला चिनी गुलाब म्हणतं. शेजारीण आली की आई कात्री न घेता नखानंच शेंडा खुडून हातावर ठेवायची. तिनं तो कुठंही खोचावा, आठवड्याभरात धरायचा. पण जून लागला की ते सगळे डबे पडवीत यायचे. ठाणे जिल्ह्यातला शंभर इंच पाऊस या झाडाला सोसत नाही, मुळं कुजतात. ऊन, धूळ, उपास सगळं चालतं, पण साचलेलं पाणी चालत नाही. निम्मी विद्या एवढीच आहे आणि ती तुम्ही आईकडून आधीच घेऊन आला आहात.

सॅन होजेत वर्षभराचा पाऊस पंधरा इंचांच्या आसपास, आणि तोही उलटा. उन्हाळा कोरडा ठणठणीत, पाऊस थंडीत. थंडीत असं मांसल झाड झोपलेलं असतं, पाणी पीत नाही, आणि खाली असते लोण्यासारखी चिकणमाती. मी पहिल्या वर्षी अशी वीस रोपं आणून सपाट वाफ्यात लावली, वर फवाऱ्यांचं घड्याळ तसंच चालू ठेवलं. जानेवारीत ती उकडलेल्या भेंडीसारखी बुळबुळीत झाली. दोष रोपवाटिकेचा नव्हता, माझाच होता.

आता कोणतं लावायचं ते. ऑफिस टाइम मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पहिल्या कडाक्यानं मरतं. थंडीच्या गावात ते एका उन्हाळ्याचंच पीक समजा. कडाका संपल्यावर बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. फिनिक्समध्ये मात्र हेच लावा. तिथं पारा त्रेचाळीसच्या वर गेला तरी हे तोंड वर करून उभं असतं. सॅन होजेत रोप मिळेना, तर व्हिएतनामी शेजाऱ्यांच्या ओट्याकडं बघा. त्यांच्या भाषेतलं नाव ‘होआ मुओइ जॉ’, म्हणजे दहा वाजताचं फूल. आपलं ऑफिस नऊचं, त्यांचं दहाचं, एवढाच फरक.

वर्षानुवर्षं जमीन झाकायची असेल, तर आइस प्लांट, शास्त्रीय नाव डेलोस्पर्मा. नावातल्या बर्फावर जाऊ नका. हे दक्षिण आफ्रिकेतलं आहे, पानांवर दवासारखे चकाकणारे बारीक कण असतात म्हणून ते नाव. उंची चार-पाच बोटं, पसारा दीड-दोन फूट, आणि उन्हाळाभर राणी रंगाची, रेशमी दोऱ्यांसारख्या पाकळ्यांची फुलं. ती ऑफिस टाइमसारखीच ऊन पडल्यावर उघडतात आणि ढग आला की मिटतात, म्हणून आपल्या माणसाला लगेच ओळखीची वाटतात. पाण्याची गरज कमी, कारण पाण्याची ओढ लागली की हे पानांवरची छिद्रं दिवसा मिटून घेतं आणि रात्री उघडतं. हवा रात्रीच आत घेऊन ठेवायची आणि उन्हात दार लावून बसायचं, असा कारभार.

डेन्व्हरच्या वहिनी सांगतात, त्यांच्याकडं हे बर्फाखाली जगतं. थंडी त्याला मारत नाही, थंडीतली ओल मारते. म्हणून त्यांनी ते उतारावर, निम्मी खडी घातलेल्या मातीत लावलं आहे. चिकणमातीच्या गावात हाच उपाय. वाफा वीतभर उंच करा, खडी किंवा प्यूमिस सढळ हातानं मिसळा, आणि खत विसरा. खतानं नुसती पानं माजतात.

फांद्या लावणं हे या झाडाचं खरं सुख. वसंतात नाहीतर सप्टेंबरात चार बोटांची न फुललेली फांदी तोडा. खालची पानं ओरबाडून टाका. आणि मग, इथंच सगळे चुकतात, लगेच लावू नका. एक-दोन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवा. कापलेल्या जागेवर खपली धरली पाहिजे. ओल्या जखमेनं मातीत गेलेली फांदी सडते. खपली धरली की वाळू मिसळलेल्या मातीत खोचा, जेमतेम ओल ठेवा, दोन-तीन आठवड्यांत हलकं ओढून बघा, धरून ठेवलं तर मुळं आली. मग दीड फुटावर एक लावा. जागा उघडी दिसते म्हणून दाटी करू नका. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी, पुढं दोन-तीन आठवड्यांनी. पानं सुरकुतली की मागतंय असं समजा, तोवर नाही.

बियांची गंमत मुलांना जरूर दाखवा. वाळकं बोंड तळहातावर घेऊन वर पाण्याचा एक थेंब सोडा. बघता बघता ते चांदणीसारखं उघडतं आणि आत बारीक बी दिसतं. पाऊस आल्याशिवाय बी सांडायचं नाही, असा त्याचा बेत.

आता सावधगिरीचं. कॅलिफोर्नियात महामार्गाच्या कडेला, समुद्राकाठी, बोटाएवढ्या जाड तिधारी पानांची जी चटई दिसते, तिलाही लोक आइस प्लांटच म्हणतात. ती निराळी, कार्पोब्रोटस एड्युलिस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या कडेची माती धरायला आणली, पुढं रस्त्यांच्या उतारांवरही लावली, आणि आता तिनं किनाऱ्यावरची देशी झाडं गिळली आहेत. फुकट मिळते म्हणून उचलून आणू नका. पर्थमध्ये मात्र हिचीच एक बहीण तिथल्या किनाऱ्याची मूळ रहिवासी आहे, तिला पिगफेस म्हणतात, ती खुशाल लावा.

रोपवाटिकेतल्या डेलोस्पर्माच्या पाटीवर पेटंटचा उल्लेख असेल तर त्याच्या फांद्या वाटू नका. अमेरिकेत 1930 पासून तसा कायदा आहे आणि पेटंट असेपर्यंत फांदीपासून नवं रोप करायला मनाई आहे. शेंडा खुडून शेजारणीच्या हातावर ठेवण्यानं कायद्याचा भंग होऊ शकतो, हे वळच्या बाईला पटवणं कठीण आहे. साधी, जुनी जात मागा, प्रश्नच मिटतो.

आणि हो, आईच्या डब्यातली फांदी ओल्या रुमालात गुंडाळून बॅगेत आणू नका. माती चिकटलेलं रोप अमेरिकेत येऊ देत नाहीत, लावायच्या रोपाला कागदपत्रं लागतात. ऑस्ट्रेलियात तर न सांगितलेल्या बियांच्या पुडीलाही दंड बसू शकतो. पर्थला दुसऱ्या राज्यातून जाताना पुन्हा तपासणी. भावना समजते, पण ऑफिस टाइम इथंही मिळतं.

हिरवळ काढायला सॅन होजेकडं अनुदान मिळतं, पण आधी अर्ज, मग मंजुरी, मग फावडं. उत्साहात आधीच उकरलंत तर पैसे गेले. सोसायटीचे लोक हिरवळच हवी म्हणून अडले, तर नम्रपणे सांगा की कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं त्यांना कमी पाण्याच्या झाडांना बंदी घालता येत नाही.

दुबईच्या मंडळींना वेगळंच सांगायचं आहे. तिथं रस्त्याच्या दुभाजकांवर जी मांसल, जांभळट फुलांची वेल पसरलेली असते, ती सेसुव्हियम. आपल्या खाडीकाठी खारफुटीच्या कडेला उगवते तीच. खारं पाणी चालतं, पेराला पेराला मूळ सोडते. ज्या वेलीकडं गावी ढुंकून पाहिलं नाही, ती तिथं पगारी माळ्याच्या देखरेखीत वाढते.

एक शेवटचं, पोटापाण्याचं. ऑफिस टाइमची सख्खी नातेवाईक म्हणजे आपली घोळ. ती इथं अंगणात तण म्हणून उगवते, मेक्सिकन दुकानात ‘व्हेर्दोलागास’ नावानं जुड्यांनी मिळते. डाळ घालून भाजी करा. मात्र तिच्या शेजारीच तशीच जमिनीसरपट दुधी नावाची एक वनस्पती उगवते. देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, विषारी आहे, फेकून द्या आणि हात धुवा.

आमच्याकडं छाटणी एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी असते. या, हव्या तितक्या फांद्या न्या. येताना कागदी पिशवी आणा. प्लास्टिकच्या पिशवीत त्या घामेजतात आणि घरी पोचेपर्यंत सडायला लागतात.