कामाला नकार आणि बेकारी भत्ता



आपल्यापैकी पुष्कळांची जमीन एकर-दोन एकरांची. पाऊस दगा देतो, ऊस वाळतो, त्या साली उसाचा सभासदही रोजगार हमीच्या मस्टरवर नाव लावतो. त्यात लाज कसली? म्हणून हा विषय.

महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, ही त्यातली कल्पना. भत्ता रोज किमान एक रुपया! केंद्राच्या २००५ च्या कायद्याने ती देशभर नेली: पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे आर्थिक वर्ष संपेपर्यंत किमान निम्मा.

आता खरी मेख. काम निघालं, पण अंगात ताप आहे. किंवा दम्याच्या माणसाला खडी फोडायला सांगितलं. "जमत नाही" म्हणून तो घरी बसला, तर?

२००५ च्या कायद्याचे कलम ९ इथे कडक होते. दिलेले काम न स्वीकारणारा, कळविल्यापासून १५ दिवसांत हजर न होणारा, किंवा परवानगीवाचून सलग आठवड्याहून जास्त गैरहजर राहणारा तीन महिने भत्त्याला मुकायचा. काम मागण्याचा हक्क मात्र शाबूत राही. प्रकृतीची सवलत त्या कलमात लिहिलेली नव्हती. आजारी माणूस आणि कामचुकार एकाच मापाने मोजणे आमच्या मते न्यायाचे नव्हते.

पण "परवानगीवाचून" या शब्दात आजाऱ्याला वाट होती. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी रजा मागावी. दमेकऱ्याने "काम नको" असे म्हणूच नये. "या कामाने धाप लागते, दुसरे हलके काम द्या" असा अर्ज करावा. तोंडी बोललेलं मस्टरवर उमटत नाही.

कामावर पिण्याचे पाणी, मुलांना सावली, प्रथमोपचाराची पेटी देणे त्या कायद्याने बंधनकारक होते. कामावर इजा झाली तर उपचार मोफत. दवाखान्यात ठेवावे लागल्यास रोज किमान निम्म्या मजुरीइतका भत्ता. हे नसेल तर गुपचूप घरी न बसता लेखी तक्रार करणे शहाणपणाचे.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. तेव्हा अर्जापूर्वी आज कोणता नियम लागू आहे ते ग्रामपंचायतीत विचारावे, आणि तारखेची पोच हातात पडल्याशिवाय तिथून उठू नये.