अपघात झाला, वर आयडी ब्लॉक

प्रश्न : माझा मुलगा एका ॲप कंपनीसाठी हॉटेलच्या ऑर्डरी घरपोच देतो. महिन्यापूर्वी ऑर्डर घेऊन जाताना मोटारीने मागून धडक दिली, त्याचा पाय मोडला. ऑर्डर पोहोचली नाही म्हणून कंपनीने आयडी ब्लॉक केला. ‘तू नोकर नाहीस, पार्टनर आहेस,’ असे सांगतात. कायद्याचा काहीच आधार नाही का?
– एक आई, पिंपरी

उत्तर : आधार आहे, आणि त्यातल्या एकाची मुदत चालू झाली आहे. मुलगा नोकर असो वा पार्टनर, धडक देणाऱ्या मोटारीच्या मालकाकडून आणि तिच्या विमा कंपनीकडून तो भरपाई मागू शकतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली कमाई दोन्ही मागता येतात. ॲप बंद असले तरी दर आठवड्याचे पेआउट बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतील. ते काढून घ्या, एफआयआरची प्रतही घ्या. कंपनीने रायडरसाठी अपघात विमा काढला असेल, तर तो दावा आजच लेखी नोंदवा. अपघातावेळी ऑर्डर चालू होती, याचा पुरावा तिथे महत्त्वाचा ठरतो.

आता ‘पार्टनर’चे. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने तुमच्या मुलासारख्या, ॲपवरून काम घेणाऱ्या गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना प्रथमच कायद्यात ओळख दिली. त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के द्यायचे आहेत, तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत. एवढ्याने नवे धंदे बुडतील, हे मला अजिबात पटत नाही. या कल्याणाच्या लाभांसाठी मुलाची नोंदणी आधार क्रमांकावर ई-श्रम पोर्टलवर करून घ्या.

आयडी ब्लॉकबद्दल मात्र ही संहिता गप्प आहे आणि हीच तिची मोठी उणीव आहे. रोजची चूल ज्या आयडीवर पेटते, तो कारण न सांगता बंद करता येणे हा उघड अन्याय आहे. कर्नाटकाच्या 2025 च्या गिग कामगार कायद्यात काम थांबवण्याआधी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. तिथल्या कंपन्यांना ॲप चालवताना हे पाळावेच लागते. महाराष्ट्रातल्या रायडरलाही हेच संरक्षण मिळायला हवे. तोवर कंपनीला ईमेल करा, रुग्णालयाची कागदपत्रे जोडा, ब्लॉकचे कारण लेखी मागा आणि नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.