विष उतरते तेव्हा : कण्हदीपायन जातकाचा एक अभ्यास

जातकसंग्रहातील ४४४ क्रमांकाच्या कथेचे नाव ‘कण्हदीपायन जातक’ असे आहे. आपल्या शाळेत परिपाठाच्या वेळी ज्या जातककथा सांगितल्या जातात त्या बहुधा सशाच्या, माकडाच्या, हरिणाच्या असतात. हे जातक मुलांना सहसा सांगितले जात नाही, आणि त्याचे कारणही उघड आहे. त्यातील आई आपल्या पतीविषयी जे बोलते ते सहावीच्या वर्गात समजावून सांगणे सोपे नव्हे. तथापि लेकरू मरणाच्या दारात असताना वडीलधाऱ्यांनी कशावर विसंबावे, या प्रश्नाचा इतका निर्भीड विचार आम्हांला अन्यत्र क्वचितच आढळला. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने तो पालकांपुढे, उपासक-उपासिकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

कथा थोडक्यात अशी. दीपायन नावाचा तापस, म्हणजे त्या जन्मीचे बोधिसत्त्व, एका पर्णकुटीत राहत असतात. त्यांचा स्नेही मांडव्य हा गृहस्थ पत्नी आणि लहान मुलगा यञ्ञदत्त यांना घेऊन दर्शनाला येतो. मोठी माणसे बोलत बसलेली. मूल एका बाजूला चेंडू खेळत असते. चेंडू वारुळाच्या बिळात जातो. मूल हात घालते आणि आतला साप दंश करतो. आईबाप लेकराला उचलून तापसाच्या पायांशी ठेवतात आणि म्हणतात, प्रव्रजितांना औषध किंवा मंत्र ठाऊक असतो, आमचे मूल वाचवा. दीपायन उत्तर देतात की मला औषध ठाऊक नाही, मी वैद्य नाही. मग ते सत्यक्रिया करायचे ठरवतात.

सत्यक्रिया, पालीत सच्चकिरिया, म्हणजे सत्य उच्चारून त्या सत्याच्या बळाने कल्याण इच्छिणे. अंगुलिमालाने प्रसूतीत अडलेल्या स्त्रीसाठी केलेली सत्यक्रिया आपल्या परिचयाची आहे; परित्राणपाठात ती आजही म्हटली जाते. तेथे अंगुलिमाल आपल्या आर्यजन्मानंतरच्या अहिंसेची साक्ष देतो. या जातकात मात्र कोणीही आपल्या सद्गुणाची साक्ष देत नाही. दीपायन सांगतात की प्रव्रज्या घेतल्यावर पहिले सात दिवस तेवढे मी प्रसन्न मनाने हे जीवन जगलो, त्यानंतरची पन्नास वर्षे मन नसताना काढली. मुलाच्या छातीवरचे विष उतरते. मूल डोळे उघडते, आईला हाक मारते आणि पुन्हा निपचित पडते. मग बाप सांगतो की दारी आलेल्यांना मी दान दिले खरे, पण देताना मला कधी आनंद झाला नाही. विष कमरेपर्यंत उतरते. शेवटी आई सांगते की ज्या सापाने लेकराला दंश केला तो मला जितका अप्रिय, तितकाच माझा नवराही अप्रिय होता, फक्त मी ते कधी बोलले नाही. उरलेले विष उतरते आणि मूल उठून बसते.

हा प्रसंग प्रत्यक्ष असाच घडला काय, असे आठवीचा कोणताही चौकस विद्यार्थी विचारील. त्याने विचारलेच पाहिजे. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याच्या छायेत वाढलेल्या शाळेत दुसरे काही अपेक्षित नाही. सर्पविष वाणीने उतरत नाही, हे आम्ही वर्गात सांगतो आणि येथेही सांगतो. प्रश्न वेगळा आहे. कथाकाराने तिन्ही माणसांच्या तोंडी पुण्याईचा दाखला न घालता उणिवेची कबुली का घातली? आमची समजूत अशी की, जिवावर बेतलेल्या क्षणी श्रद्धा म्हणजे काय हे त्याला सांगायचे आहे. ‘मी इतके पुण्य केले, म्हणून माझे मूल वाचव’ हा व्यवहार झाला. आपल्याकडे त्याला नवस म्हणतात. जातकातील आईबाप काही मागण्यापूर्वी खरे बोलतात, आणि त्यात स्वतःची लाज झाकीत नाहीत.

हे वाचन आम्हांला ग्रंथातून सुचलेले नाही. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात आपल्या वसतिगृहातील सहावीचा एक विद्यार्थी पहाटे साडेतीनला उठला आणि पोट दुखते म्हणाला. एक उलटी झाली. अंगावर जखम नाही, सूज नाही. रात्रीचे जेवण सर्वांनी एकच घेतले होते आणि बाकीची मुले शांत झोपली होती. थोड्या वेळाने त्याला पापण्या उचलता येईनात, जीभ जड झाली. संस्थेच्या जीपमधून त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले. मुलाला मांडीवर धरायला स्वयंपाकघरातील मावशी सोबत आल्या होत्या.

डॉक्टर तपासत असताना मावशी पुढे झाल्या. “साहेब, काल दिवेलागणीला सरपणापाशी काळा साप बघितला मी. अंगावर पांढरे पट्टे होते. गेला निघून, पोरं उगाच घाबरतील म्हणून कुणाला बोलले नाही.” आपल्यावर ठपका येईल, कदाचित कामही जाईल, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. त्यांचा आवाज कापत होता. डॉक्टर एवढेच म्हणाले, “मावशी, बरं झालं सांगितलंत.”

मण्यारीचा दंश असाच असतो. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंश इतका बारीक की पुष्कळदा वेदना होत नाही, खूणही सापडत नाही. पोटदुखी, मिटत जाणाऱ्या पापण्या, मग श्वासाचे स्नायू लुळे पडणे, हा तिच्या विषाचा क्रम. लक्षणांवरून डॉक्टरांना संशय आलाच होता. मावशींच्या सांगण्याने तो पक्का झाला. अँटीव्हेनमच्या दहा कुप्या लागल्या. मूल लहान म्हणून औषध कमी, असे येथे चालत नाही. साप लहान-मोठे पाहून विष सोडीत नाही, त्यामुळे मात्राही मोठ्या माणसाइतकीच. तरीही श्वास मंदावत गेला. घशात नळी घातली आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचेपर्यंत दोघे जण आळीपाळीने हाताने फुगा दाबून त्याला श्वास देत राहिले. पुढे तीन दिवस तो व्हेंटिलेटरवर होता.

त्या तीन दिवसांत अतिदक्षता विभागाबाहेर जे पाहिले ते या लेखाचे खरे कारण. मुलाच्या आजीने गावदेवतेला नवस बोलला होता. घरात धम्मदीक्षेला तिसरी पिढी चालू आहे. मुलाच्या वडिलांना ते लागले आणि ते आईला बोलले. आम्ही त्या वृद्धेला दोष देऊ शकत नाही. ज्या गावात ‘साप’ हा शब्दही रात्री उच्चारीत नाहीत, दंश झाला तर ‘पान लागले’ म्हणतात, त्या गावात तिने आयुष्य काढले. ज्या काळात गावात रात्री वाहन मिळत नसे आणि रुग्णालय दिवसाच्या वाटेवर होते, त्या काळात मांत्रिकाखेरीज तिला कोण होते? सुनेने तिचा हात धरून ठेवला आणि म्हटले, “आत्याबाई, आपण दोघी बुद्धवंदना म्हणू. मागायचं काही नाही, नुसती म्हणू.” दोघींनी ती हलक्या आवाजात म्हटली. ‘मागायचं काही नाही’ या तीन शब्दांत त्या मातेने जे सांगितले ते आम्हांस या जातकाच्या अगदी जवळचे वाटते.

मूल वाचले. आता नवस न बोलता वंदना म्हटली म्हणून ते वाचले, असे लिहिण्याचा मोह टाळला पाहिजे. त्याच पावसाळ्यात जवळच्या वस्तीवरील एक मुलगी सर्पदंशाने वाटेतच गेली. तिच्या आईची श्रद्धा उणी होती असे कोण म्हणेल? भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालची मुले आहेत. इतक्या घरांत इतक्या आयांनी हात जोडले असतील. मूल वाचले तर टिकणारी आणि गेले तर कोसळणारी श्रद्धा धम्माला अभिप्रेत नाही. किसा गोतमीला मोहरीचे दाणे आणायला तथागतांनी पाठवले ते मूल जिवंत करण्यासाठी नव्हे. आणि बाबासाहेब व रमाई यांनी तर चार अपत्ये गमावली. राजरत्न १९२६ साली गेला. पुढच्याच वर्षी, २० मार्चला, ते शोकाकुल पिता महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांपुढे उभे होते.

महाडचे नाव आले म्हणून थोडे विषयांतर. त्याच तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात मुले दगावत आणि त्यावर इलाज नाही असे सारे धरून चालले होते. बावस्करांनी ते मान्य केले नाही. रात्र रात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी केल्या. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील साध्या औषधाने तेथील मृत्यूंचे प्रमाण अत्यल्प झाले. श्रद्धा या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगताना आम्ही हे उदाहरण घेतो, ते कोणाला रुक्ष वाटल्यास इलाज नाही. समोरचे दुःख जसे आहे तसे पाहत राहिले की त्याचे कारण सापडते आणि कारण सापडले की निरोधही सापडतो, हा विश्वास चार आर्यसत्यांच्या गाभ्याचा आहे.

सत्य आणि शुश्रूषा यांचा संबंध विनयातही स्पष्ट आहे. अतिसाराने स्वतःच्या मळात पडलेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदासह स्वहस्ते स्नान घातले, तो प्रसंग महावग्गात येतो. त्याच ठिकाणी चांगल्या रुग्णाची आणि चांगल्या शुश्रूषकाची लक्षणे दिली आहेत. रुग्णाने वाढलेला आजार वाढला म्हणून आणि उतरलेला उतरला म्हणून जसाच्या तसा सांगावा, हे त्यांतील एक. शुश्रूषकाने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी आणि मळ, लघवी, ओकारी यांची किळस मानू नये, हेही त्यांत आहे. पहाटे उठून ‘पोट दुखते’ म्हणणारा मुलगा आणि रुग्णालयात थरथरत बोलणाऱ्या मावशी यांना ही यादी पाठ नव्हती.

आता कृतज्ञतेविषयी. पालीत कृतज्ञ माणसाला ‘कतञ्ञू’ म्हणतात, म्हणजे केलेले जाणणारा. जगात दोन व्यक्ती दुर्मिळ, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे: स्वतःहून आधी उपकार करणारा, आणि केलेले जाणून त्याची फेड करणारा. या शब्दात भावनेआधी ज्ञान आहे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. कोणी काय केले हे ठाऊकच नसेल तर आभार कोणाचे मानायचे? मुलगा परतल्यावर पालकांनी शाल-श्रीफळ आणले, डॉक्टरांचा सत्कार झाला, तेही योग्यच. पण आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांना एक काम दिले: त्या दहा कुप्या कोठून आल्या ते शोधा.

मुले महिनाभर शोधत होती. त्यांना कळले की नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प मात्रेत घोड्यांना टोचतात, घोड्यांच्या रक्तात त्याचा प्रतिकार तयार होतो, आणि त्या रक्तद्रवापासून हे औषध होते. मुंबईच्या हाफकिनचे नाव महाराष्ट्रात या औषधाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. औषधाची कोरडी पूड करतात, म्हणून शीतपेटी नसलेल्या खेड्यातील केंद्रातही ती टिकते. विष लागते ते बरेचसे तामिळनाडूतील इरुळा आदिवासी काढतात. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या सहकारी संस्थेचे लोक साप पकडतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा रानात सोडतात. कधीकाळी कातड्यासाठी साप मारून पोट भरावे लागलेला हा समाज. एका मुलीने आपल्या वहीत आभाराची यादी केली: इरुळा माणूस, घोडा, औषध विरघळवणारी सिस्टर, फुगा दाबणारे दोन हात, चालक, मावशी. शेवटी तिने सापही लिहिला होता. शिक्षकांनी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, विष त्याचेच ना. प्रतीत्यसमुत्पाद आम्ही फळ्यावर अनेकदा शिकवला आहे. त्या दिवशी तो आम्हांला शिकवला गेला.

मावशी कामावर आहेत. सरपण आता इमारतीपासून दूर रचले जाते. देणगीदारांच्या साहाय्याने सर्व मुलांना खाटा मिळाल्या असून मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचल्याखेरीज दिवा मालवला जात नाही; जमिनीवरून येणाऱ्या मण्यारीला तेवढे पुरते. दंश झाल्यास काय करायचे हे मुलांना तोंडपाठ आहे: अवयव हलवायचा नाही, आवळून बांधायचे नाही, चिरायचे किंवा चोखायचे नाही, १०८ ला फोन करायचा आणि जे पाहिले ते सारे सांगायचे.

वाचलेला मुलगा आता नववीत आहे. लहान मुलांच्या मच्छरदाण्या तपासण्याचे काम त्याने स्वतः मागून घेतले. तपासणी झाली की खंधपरित्त म्हटले जाते. एका भिक्षूला सर्पदंशाने मृत्यू आला तेव्हा तथागतांनी ते सांगितले होते. त्यात सापांच्या चार कुळांविषयी आणि बिनपायी, दोनपायी, चारपायी, बहुपायी अशा सर्व जीवांविषयी मैत्री व्यक्त केली आहे. आधी मच्छरदाणी आणि मग परित्त, हा क्रम त्यानेच ठरवला आहे.