पहिल्या तीन बॅजांपर्यंत कुणाला वाढवशील?

अगं, पोकेमॉन फायररेड सुरू केल्या केल्या सहाही जागा भरून टाकल्यास हे ऐकलं आणि मला बरंच वाटलं. गवतात शिरायला तू घाबरत नाहीस, नवं दिसलं की बॉल टाकतेस. असंच खेळावं. पण टीम सांगितलीस तेव्हा थोडी काळजी वाटली. स्टार्टर एकटाच पुढे, बाकी पाचजण लेव्हल चार-पाचवर अडकलेले, आणि लढाई जरा अवघड झाली की धावाधाव करून पुन्हा त्याच स्टार्टरला पुढे करायचं. असं फार दिवस निभत नाही. म्हणून आज जरा निवांत बस आणि ऐक.

पकडणं वेगळं आणि वाढवणं वेगळं, हे आधी मनात पक्कं कर. पकड तू हवे तेवढे. पुढे फ्लॅश मिळवायचा तर ओक प्रोफेसरांचा मदतनीस दहा जाती पकडल्यात का ते विचारतोच. पण वाढवायला घे तिघं, फार तर चौघं. कारण सुरुवातीला एक्स्पी, म्हणजे लेव्हल वाढवणारा अनुभव, मोजकाच असतो. लढाईत जे जे उतरले आणि शेवटपर्यंत टिकले, त्यांच्यात तो सारखा वाटला जातो. ट्रेनरच्या पोकेमॉनला हरवलं की रानातल्यापेक्षा दीडपट मिळतो, पण ट्रेनर एकदा हरला की पुन्हा लढायला उभा राहत नाही. त्यांना परत लढायला लावणारा व्हीएस सीकर मिळतो तो थेट व्हर्मिलियन सिटीत. आणि बसल्या जागी एक्स्पी देणारा एक्स्प शेअर तर त्याच्याही पुष्कळ पुढे, रूट १५ वर, तोही पन्नास जाती पकडून झाल्यावर. म्हणजे व्हर्मिलियनपर्यंत वाटेत जेवढे ट्रेनर भेटतील तेवढीच तुझी शिदोरी. पंगतीत एकाच पानावर वाढत राहिलं तर बाकीचे उपाशी उठतात, आणि पन्नास पानं मांडली तर कुणाचंच पोट भरत नाही. म्हणून पानं मोजून मांड.

मग निवडायचं कुणाला? बहुतेकजण विचारतात, हा शेवटी कोण होणार? तू विचार, हा पुढच्या दोन जिममध्ये माझ्या काय कामाचा? मोठेपणी ड्रॅगोनाइट होणारा ड्रॅटिनी कुणालाही हवासा वाटेल, पण ड्रॅगोनाइट व्हायला लेव्हल ५५ लागते आणि त्याची वाढही संथ असते. त्याची वेळ येईल तेव्हा येईल. आत्ता तुझ्यासमोर ब्रॉक आहे, मग मिस्टी, मग लेफ्टनंट सर्ज.

स्टार्टर तू चारमँडर घेतलास, आणि आता सगळे तुला म्हणताहेत की चूक केलीस. अजिबात चूक नाही. बल्बासॉर घेतला असतास तर पहिली तिन्ही जिम सोपी गेली असती हे खरं. ब्रॉकच्या जिओड्यूड आणि ऑनिक्सवर गवताचा मार चौपट बसतो, मिस्टीच्या पाण्यावर दुप्पट, आणि सर्जच्या विजेचा गवतावर निम्माच परिणाम होतो. पण चौथ्या जिममध्ये एरिका गवताचे पोकेमॉन घेऊनच बसलेली असते, तिथे तुझा आगवाला पोकेमॉन काय करतो ते बघ. फक्त आधीच्या वाटेवर त्याला साथ लागते, आणि ती साथ कुणाची हेच आज ठरवायचं आहे. शिवाय लेव्हल १३ ला तो मेटल क्लॉ शिकतो. पोलादाचा मार दगडावर दुप्पट बसतो, म्हणजे ब्रॉकसमोरही तो अगदीच रिकाम्या हाताने जात नाही.

पहिली साथ रूट २२ वर आहे. विरिडियन सिटीच्या पश्चिमेला जा. तुझा प्रतिस्पर्धी तिथे वाट अडवेल, पण मँकी तिथेच मिळतो आणि त्याच्यासाठी ही लढाई झाली तरी चालेल. मँकी अगदी लवकर लो किक शिकतो. या गेममध्ये लो किकचा जोर समोरच्याच्या वजनावर ठरतो. ऑनिक्स २१० किलोचा, म्हणजे किकला सगळ्यात जास्त जोर, त्यावर दगडावर मारामारीच्या टाइपचा दुप्पट परिणाम. सगळे ज्या अजस्र सापाला घाबरतात त्याला एवढासा मँकी आडवा करतो. मला या गेमच्या सुरुवातीतला हा भाग फार आवडतो.

दुसरी साथ विरिडियन फॉरेस्टमध्ये. हा गेम ज्यांच्या डोक्यातून आला त्या सातोशी ताजिरींना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, आणि त्यांच्या गेममधलं पहिलं रान किड्यांनीच भरलेलं आहे. तिथली कॅटरपी घे. दिसायला काहीच नाही, हे मान्य. पण लेव्हल ७ ला ती मेटापॉड होते आणि लेव्हल १० ला बटरफ्री. इतक्या लवकर पूर्ण वाढ फार थोड्यांची होते. मधले तीन लेव्हल जरा चिकाटी ठेव, कारण मेटापॉड स्वतः फारसा लढत नाही. त्याला पहिल्या जागेवर ठेव, लढाई सुरू झाली की लगेच मागे घेऊन दुसऱ्याला पाठव. अर्धा एक्स्पी त्याला मिळतोच.

बटरफ्री झाली की तिच्याकडे कन्फ्यूजन येतं. माउंट मूनमध्ये पावलोपावली झुबॅट आडवे येतात. ते विषारी टाइपचे, आणि सायकिकचा मार विषारी टाइपवर दुप्पट बसतो. ती गुहा बटरफ्री तुला हसतखेळत पार करून देईल. लेव्हल १५ ला स्लीप पावडर येते. तिच्या डोळ्यांच्या खास गुणामुळे ही पावडर सहसा चुकत नाही, आणि झोपलेला पोकेमॉन बॉलमध्ये पकडणं दुप्पट सोपं जातं. म्हणजे बटरफ्री लढते आणि पुढची टीम जमवायलाही मदत करते. एवढंच सांभाळ की ऑनिक्ससमोर तिला पाठवू नकोस. त्याचा रॉक टूम तिच्यावर चौपट बसतो.

आता पिकाचू. तुझं मन त्याच्यावर आहे हे मला ठाऊक आहे, आपण सगळ्यांनीच त्याला आधी टीव्हीवर पाहिलं. तिथे ब्रॉकच्या जिममध्ये आग विझवायचे फवारे सुरू झाले, ऑनिक्स भिजला आणि मग पिकाचूची वीज त्याला लागली. गेममध्ये फवारे नाहीत. जमिनीच्या टाइपवर विजेचा शून्य परिणाम होतो, आणि ब्रॉकचे दोघेही त्या टाइपचे आहेत, म्हणून ब्रॉकसमोर पिकाचूला काही करता येत नाही. त्यात तो विरिडियन फॉरेस्टमध्ये फार क्वचित दिसतो आणि नाजूकही असतो. तरी मिस्टीसमोर त्याचा उपयोग होतो. सापडला आणि आवडला तर खुशाल ठेव. टीममध्ये एक जागा मनाच्या ओढीसाठी असावीच, तिच्यावर हिशेब लावू नये. फक्त अशा जागा दोन-तीन करू नकोस.

ब्रॉक झाल्यावर रूट ३ वर निडोरान मिळतात. नर घे की मादी, तुझी मर्जी, दोन्ही चांगले. पण घेच. लेव्हल १६ ला त्यांचं दुसरं रूप होतं आणि मग मून स्टोन दिला की लगेच निडोकिंग किंवा निडोक्वीन. आणि मून स्टोन तुझ्या वाटेवरच, माउंट मूनमध्ये पडलेला असतो, नीट शोधून घे. इतर मुलं अजून अर्ध्या वाटेवर असताना तुझ्याकडे एक पूर्ण वाढलेला, धिप्पाड पोकेमॉन असेल. त्याच्यात जमिनीचा टाइप आहे, म्हणून सर्जची वीज त्याला लागतच नाही. मिस्टीसमोर मात्र त्याला जपून ठेव, पाण्यापुढे त्याचं चालत नाही.

माउंट मूनच्या तोंडाशी पोकेमॉन सेंटरमध्ये एक माणूस ५०० ला मॅजिकार्प विकतो. लोक हसतात, कारण मॅजिकार्प स्प्लॅश करतो आणि त्याने काहीच होत नाही. पण लेव्हल २० ला त्याचा ग्यारॅडोस होतो. तुझा स्टार्टर आगीचा आहे, म्हणून तुला पाण्याचा कुणीतरी लागणारच, तेव्हा तुझ्यासाठी मी त्याची शिफारस करेन. स्क्वर्टल घेणारीला केली नसती. उद्यासाठी वाढवायचा असा एकच ठेव, तोही त्याच मागे घेऊन दुसऱ्याला पाठवायच्या पद्धतीने. पैसे कमी असतील तर घाई नको, पुढे व्हर्मिलियनमध्ये ओल्ड रॉड फुकट मिळतो आणि त्याला मॅजिकार्पच लागतात. सर्जच्या जिममध्ये मात्र ग्यारॅडोसला बाहेर काढू नकोस. पाणी आणि उडणं असे दोन टाइप असल्याने वीज त्याला चौपट लागते.

एक गोष्ट कुणी सुरुवातीला सांगत नाही. तू एकटी खेळतेस, केबल जोडून अदलाबदल करायला तुझ्याजवळ कुणी नाही. ग्रॅव्हलर, मचोक, हाँटर, कडाब्रा हे अदलाबदल केल्याशिवाय शेवटच्या रूपाला जातच नाहीत. म्हणून जिओड्यूड किंवा मचॉपवर जीव लावण्याआधी विचार कर. कडाब्रा तेवढा अपवाद, तो आहे त्या रूपातही भारी आहे. रूट २४ वर अब्रा दिसला की पहिल्याच फटक्यात बॉल टाक, कारण तो टेलिपोर्ट करून पळतो. लेव्हल १६ पर्यंत त्याला सांभाळलंस की झालं.

आणि कट कुणाला शिकवायचा हे आत्ताच ठरव. एचएमने शिकवलेला मूव्ह काढता येत नाही, तो विसरायला लावणारा माणूस फार पुढे, फ्यूशिया सिटीत भेटतो. म्हणून आवडत्याच्या चार मूव्हमधली एक जागा कटला देऊ नकोस. फायररेडमध्ये ऑडिश मिळते, ती कटही शिकते आणि फ्लॅशही. तिला लेव्हलची गरज नाही, तिच्यावर एक्स्पी खर्च करू नकोस. ती नुसती सोबत असू दे.

नेचर बघून रिसेट करत बसू नकोस बाळा. नेचर पंचवीस आहेत, आणि फरक पडतो तो एका गुणात दहा टक्के वर, दुसऱ्यात दहा टक्के खाली. पहिल्यांदा खेळताना त्यापायी आवडलेला मँकी सोडून देणं मला पटत नाही.

सर्ज हरला की बटरफ्री मागे पडू लागेल. तुला जड जाईल, पण तिला बॉक्समध्ये ठेव आणि तिची जागा नव्याला दे. तोवर व्हीएस सीकर हातात असेल, ट्रेनर पुन्हा लढतील, आणि मग मागे राहिलेल्यांनाही निवांत वाढवता येईल. आज संध्याकाळी रूट २२ वर जाऊन मँकी घे आणि जंगलातून बाहेर पडण्याआधी कॅटरपीची बटरफ्री कर. ब्रॉकची जिम त्यानंतर.