उशीर कोणता, दिरंगाई कोणती?

चि. भाचीस, मामाचे अनेक आशीर्वाद.

तहसील कचेरीत महसूल सहायक म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. तिथे कागद अडला की लोक म्हणतात, दिरंगाई! 'दिरंग' हा मूळ फारसी शब्द, अर्थ विलंब. महाराष्ट्राचा 2005 चा बदल्या आणि विलंब-प्रतिबंधाचा अधिनियमही लोकांच्या तोंडी 'दफ्तर दिरंगाईचा कायदा' म्हणूनच आहे. त्यानुसार साधी नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त थांबू नये, तातडीची साधारणतः 4 दिवसांत निघावी. दुसऱ्या विभागाला विचारावं लागत नसेल तर निर्णय 45 दिवसांत, लागत असेल तर तीन महिन्यांत.

मात्र प्रत्येक उशीर म्हणजे दिरंगाई नव्हे. वारसाच्या फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी 15 दिवस थांबावंच लागतं. ती मुदत. ती घाईने गुंडाळली तर सासरी असलेल्या एखाद्या बहिणीचं नाव सातबाऱ्यावर यायचंच राहून जाईल.

चालढकल वेगळी: काम आपलंच, आज नको उद्या बघू. टोलवाटोलवीत अर्जदार या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. वेळकाढूपणात हेतू असतो, आणि तोच सर्वांत वाईट. एकाच अर्जात आज एक त्रुटी, पुढच्या खेपेला दुसरी. वाडीवरून एसटीने येणाऱ्या शेतमजुराची प्रत्येक खेपेला रोजी बुडते. त्रुटी असतील तेवढ्या पहिल्याच दिवशी, लेखी कळवाव्यात.

महसूल कचेऱ्यांतली सहा गठ्ठा पद्धत तुला शिकवतीलच. त्यातला प्रतीक्षाधीन प्रकरणांचा गठ्ठा डोळ्यांत तेल घालून सांभाळ. बाहेरून उत्तर यायचं असलेले कागद तिथे ठेवतात, ते योग्यच. पण स्मरणपत्र न पाठवता कागद तिथेच पडून राहिला, तर प्रतीक्षेच्या नावाखाली चालढकलच सुरू असते. मग अर्जदाराला ऐकवलं जातं, 'कार्यवाही सुरू आहे.' कोणाची, कुठे, कधीपासून, यातलं काहीच त्या वाक्यातून कळत नाही. असा शेरा तू लिहू नकोस. पत्र कोणाला, कोणत्या तारखेला गेलं आणि स्मरणपत्र कधी जाणार, हे टिपणीत असू दे.

आणि 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखालच्या सेवांचा अर्ज आला, तर पोच देताना सेवा किती दिवसांत मिळेल ते अर्जदाराला वाचून दाखव. पुष्कळांना तो हक्क ठाऊकच नसतो.

तुझा मामा