वैद्यकाचा विद्यार्थी आणि ग्रंथालय

१८६० साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथील ओहायो वैद्यक महाविद्यालयात जॉन शॉ बिलिंग्ज नावाचा एक विद्यार्थी पदवीसाठी प्रबंध लिहीत होता. अपस्मारावर, म्हणजे फेफऱ्यावर, शस्त्रक्रियेने कितपत गुण येतो हा त्याचा विषय. आजवर अशा किती शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील किती रुग्ण बरे झाले हे सांगावयाचे, तर निरनिराळ्या देशांतील शल्यचिकित्सकांनी प्रसिद्ध केलेली वृत्ते डोळ्यांखालून घालणे भाग होते. बिलिंग्जने मिळतील ती ग्रंथालये पालथी घातली. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, हवे ते सारे साहित्य मिळेल असे एकही ग्रंथालय त्या देशात नाही. आणि जे साहित्य आहे त्यात काय कोठे दडले आहे, हे सांगणारी सूचीही नाही.

पुढे यादवी युद्धात तो लष्करी शल्यचिकित्सक झाला आणि १८६५ साली वॉशिंग्टन येथील लष्करी वैद्यकीय प्रमुखाच्या कचेरीतील लहानशा ग्रंथसंग्रहाची जबाबदारी त्याच्याकडे आली. पुढील तीस वर्षे त्याने ती सांभाळली. रॉबर्ट फ्लेचर या सहकाऱ्याच्या साहाय्याने १८७९ साली त्याने ‘इंडेक्स मेडिकस’ ही नव्या वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली; संग्रहातील ग्रंथांच्या व लेखांच्या प्रचंड तालिकेचा पहिला खंड १८८० साली निघाला. त्याच संग्रहाचे १९५६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयात रूपांतर झाले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या वैद्यकीय सूचीचे मूळ असे एका विद्यार्थ्याच्या अडचणीत आहे.

आपल्याकडील वैद्यक, परिचर्या अथवा औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याची ग्रंथालयाविषयीची कल्पना बहुधा याहून पुष्कळच साधी असते. परीक्षेपुरती पाठ्यपुस्तके, बसावयास शांत जागा, डोक्यावर पंखा आणि रात्री उशिरापर्यंत दिवा, एवढे मिळाले की तो संतुष्ट असतो. या अपेक्षेत गैर काही नाही. परंतु पाठ्यपुस्तक ही ज्ञानाच्या प्रवासातील शेवटची पायरी असते. रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत एखादी गोष्ट आढळते, ती नियतकालिकात लेखरूपाने प्रसिद्ध होते, इतर ठिकाणी ती पडताळून पाहिली जाते, अनेक लेखांचा मिळून कोणी आढावा घेतो, आणि त्यानंतर कधीतरी ती पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत उतरते. या प्रवासास कित्येकदा दहा वर्षे लागतात. ग्रंथपालाचे काम या साऱ्या वाटेवर विद्यार्थ्यास फिरवून आणण्याचे आहे. केवळ शेवटच्या मुक्कामावर पुस्तक हाती देण्याचे नव्हे.

त्यासाठी पहिले साधन म्हणजे सूची. एकच विकार कोणी ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणतो, कोणी ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ म्हणतो, कोणी आणखी तिसरे नाव देतो. नावानुसार शोधणाऱ्यास यांतील एकच लेखसमूह सापडेल व उरलेले निसटतील. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९६० साली विषयशीर्षकांचा एक प्रमाणित कोश तयार केला; लेखकाने कोणताही शब्द वापरलेला असो, लेख ठराविक शीर्षकाखालीच नोंदावयाचा. १९६४ पासून ही सूची संगणकाच्या साहाय्याने सिद्ध होऊ लागली. १९९७ साली ‘पबमेड’ या नावाने ती सर्वांना विनामूल्य खुली झाली, आणि २००४ अखेर छापील ‘इंडेक्स मेडिकस’ बंद पडला. ज्या जाडजूड खंडांची पाने उलटण्यात पूर्वीच्या विद्यार्थ्यांच्या दुपारी जात, त्यांचे काम आता काही क्षणांत होते. ही सोय मोठी खरी. पण ती वापरावयाची कशी हे शिकवावे लागते, आणि पुष्कळ महाविद्यालयांत ते कोणी शिकवीत नाही.

भारतात दिल्लीच्या अन्सारीनगर भागातील ग्रंथालयास १९६६ साली राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा दर्जा मिळाला. परदेशी नियतकालिकांची वर्गणी लहान महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची असते. अशा ठिकाणच्या वाचकास लेखाची छायाप्रत पाठविणे हे या ग्रंथालयाचे एक महत्त्वाचे कार्य होऊन बसले. २००८ पासून याच ग्रंथालयाच्या पुढाकाराने शासकीय वैद्यकीय संस्थांसाठी संगणकावर वाचावयाची नियतकालिके सामाईकपणे घेण्याची व्यवस्था सुरू झाली. जागतिक सूचीत आपल्या देशातील अनेक नियतकालिकांना स्थान नसते, ही उणीव ओळखून शासनाच्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने ‘इंडमेड’ ही भारतीय लेखांची वेगळी सूचीही सिद्ध केली होती. विंचूदंश, कुष्ठरोग किंवा गर्भिणींमधील रक्तक्षय यांसारख्या विषयांवर काम करणाऱ्यास देशी नियतकालिके डावलून चालत नाही.

आता पुन्हा पाठ्यपुस्तकांच्या कपाटाकडे वळू. तेथे एक धोका असतो, आणि तो धुळीपेक्षा किंवा वाळवीपेक्षा गंभीर आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक १९४६ साली निघाले आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. त्याच्या १९५० नंतरच्या दशकातील एका आवृत्तीत तान्ह्या मुलास पालथे निजवावे असा सल्ला आला. उताणे मूल ओकले तर ती ओकारी श्वासनलिकेत जाऊन ते गुदमरेल, असे त्यामागील कारण. कारण पटण्याजोगे होते. मात्र ते कोणी पडताळून पाहिलेले नव्हते. इतरही अनेक पुस्तकांतून हाच सल्ला १९८८ पर्यंत छापला जात राहिला. पालथ्या निजणाऱ्या अर्भकांत झोपेतील आकस्मिक मृत्यू अधिक होतात, हे पुढे निर्विवाद ठरले आणि १९९१ साली ब्रिटनमध्ये व १९९४ साली अमेरिकेत मुलांना उताणे निजविण्याच्या मोहिमा निघाल्या. २००५ साली काही संशोधकांनी सारे जुने लेख एकत्र मांडून दाखविले की, हा निष्कर्ष १९७० सालीच काढता आला असता. तो तेव्हा काढला गेला असता, तर पाश्चात्त्य देशांत निदान पन्नास हजार अर्भकांचे प्राण वाचले असते, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे पुरावा ग्रंथालयांतच होता. तो निरनिराळ्या खंडांत विखुरलेला होता, आणि जोवर कोणी तो एके ठिकाणी आणून मोजला नाही तोवर कपाटातील लोकप्रिय पुस्तकच खरे मानले गेले.

यास्तव वैद्यकीय ग्रंथालयात जुन्या आवृत्त्या वेळोवेळी काढून घेणे हे नव्या पुस्तकांच्या खरेदीइतकेच आवश्यक आहे. साहित्याच्या ग्रंथालयात जुनी आवृत्ती ही दौलत असते. औषधयोजनेच्या पुस्तकाची पंधरा वर्षांपूर्वीची आवृत्ती विद्यार्थ्याच्या हाती सहज लागणे हे रुग्णाच्या दृष्टीने अहितकारक. पण आपल्या कार्यालयीन रिवाजात पुस्तक ही जंगम मालमत्ता असते. ते हरवले तर ग्रंथपालास भरपाई द्यावी लागते आणि रद्दबातल करावयाचे तर समिती नेमावी लागते. परिणामी तो बिचारा काहीच काढीत नाही, आणि नव्या आवृत्तीशेजारी तिच्या चार पूर्वज आवृत्त्या दिमाखाने उभ्या राहतात. निदान त्यांच्यावर ठळक शिक्का मारून त्यांना वेगळ्या दालनात हलविणे कोणत्याही नियमाच्या आड येत नाही.

हलविणे म्हणजे मात्र नष्ट करणे नव्हे. २००१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेस हेक्सामेथोनियम हे द्रव्य हुंगविण्यात आले. तिच्या फुप्फुसांस इजा होऊन काही आठवड्यांत तिचा मृत्यू झाला. प्रयोगापूर्वी संशोधकाने संगणकीय सूची पाहिली होती. पण ती त्या वेळी १९६६ पर्यंतच मागे जात असे. हेक्सामेथोनियम हे रक्तदाबावरील औषध म्हणून वापरले जात होते १९५० नंतरच्या दशकात, आणि त्यापासून फुप्फुसांना अपाय होतो असे सांगणारे लेखही त्याच काळातले. ते छापील खंडांत नोंदलेले होते. एखाद्या अनुभवी ग्रंथपालास विचारले असते, तर त्याने त्या जुन्या खंडांकडे बोट दाखविले असते, असे त्या घटनेनंतर वैद्यकीय ग्रंथपालांनी वारंवार बोलून दाखविले. जुना ग्रंथ उपचारासाठी वाचावयाचा नसतो, परंतु इतिहास म्हणून, इशारा म्हणून तो कोठेतरी हवाच. ग्रंथपालास ही दोन्ही भाने एकाच वेळी ठेवावी लागतात.

ग्रंथपालास प्रश्न कसा विचारावा आणि ग्रंथपालाने तो कसा उलगडावा, हे एका उदाहरणाने समजेल. अशी कल्पना करू की, परिचर्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी येऊन विचारते, “नवजात बालकाच्या नाळेला काय लावावे?” उत्तर म्हणून पुस्तकातील एक पान उघडून देणे सोपे. चांगला ग्रंथपाल उलट विचारील : मूल रुग्णालयात जन्मले की घरी? गाव कोणते? घरची माणसे नाळेला तेल, हळद, राख किंवा शेण लावतात काय? कारण उत्तर यांवरच अवलंबून आहे. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यातील एका मोठ्या चाचणीत क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने नाळ पुसल्यास संसर्ग बराच कमी होतो असे आढळले. ते निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पुढे बांगलादेशातही लाभ दिसला. त्यावरून २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने, जेथे बालमृत्यू अधिक आहेत अशा प्रदेशांत घरी जन्मलेल्या मुलांसाठी त्याची शिफारस केली. पण २०१६ साली झांबिया व टांझानियातील चाचण्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत मृत्यू घटल्याचे दिसेना. शिवाय हे द्रव्य चुकून डोळ्यांत गेल्याने इजा झाल्याची उदाहरणे पुढे आली. २०२२ सालच्या शिफारशीत संघटनेने नाळ स्वच्छ व कोरडी ठेवावी हाच सर्वसाधारण नियम सांगितला आणि जेथे शेणासारखे अपायकारक पदार्थ लावण्याची चाल आहे, तेवढ्याच ठिकाणी जंतुनाशकास जागा ठेवली.

त्या विद्यार्थिनीच्या हाती जर २०१५ सालचे पुस्तक पडले, तर ती एक उत्तर घेऊन जाईल. १९९५ सालचे पडले तर दुसरे. ग्रंथपालाने तिला चाचण्यांचे लेख, त्यांचा आढावा आणि अखेरची शिफारस अशा क्रमाने दाखविले, तर अर्ध्या तासात तिला उत्तर तर मिळेलच, शिवाय उत्तर का बदलले हेही कळेल. परिचारिकेस खेड्यातील सुइणीशी किंवा मुलाच्या आजीशी बोलावयाचे असते. तिथे हे ‘का’ फार उपयोगी पडते.

हे सारे इंग्रजीत चालते, ही आपल्याकडील आणखी एक अडचण. मराठी, हिंदी वा तमिळ माध्यमातून आलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ उघडतो तेव्हा त्यास शरीरही नवे असते आणि भाषाही. अशा वेळी चांगला वैद्यकीय शब्दकोश वाचनकक्षात, हात पोहोचेल अशा जागी असावा. पुष्कळदा तो कुलुपाच्या कपाटात असतो.

पुस्तकांच्या किमतीविषयीही बोलले पाहिजे. १९६० नंतर ब्रिटिश शासनाच्या साहाय्याने निघणाऱ्या ईएलबीएस मालेतील स्वस्त आवृत्त्यांवर भारतातील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. ती माला १९९७ साली बंद झाली. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाने १९७८–७९ मध्ये ग्रंथपेढीची योजना आखली. तीत दोन विद्यार्थ्यांमागे पाठ्यपुस्तकांचा एक संच दिला जाई. योजना चांगली होती, पण दोघांत एक पुस्तक याचा अर्थ परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दोघांनाही ते एकाच रात्री हवे असणार. म्हणून काही ग्रंथालये प्रत्येक महत्त्वाच्या ग्रंथाची एक प्रत कधीच घरी देत नाहीत. ती टेबलावर राहते, दोन तासांसाठी मिळते आणि रात्रपाळी आटोपून पहाटे येणाऱ्या विद्यार्थ्यासही मिळते. त्यासाठी वाचनकक्ष रात्रभर उघडा ठेवावा लागतो आणि एक शिपाई जागा ठेवावा लागतो. अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री लागते ती या शिपायाच्या पगारालाच.