लोडर पुढे, वजन मागे

मिनी ट्रॅक्टरला लोडर बसवताना बकेट किती उचलते, हे प्रत्येक जण विचारतो. मागे किती वजन लावायचं, हे कोणी विचारत नाही आणि विकणाराही आपण होऊन सांगत नाही.

आम्हाला ते द्राक्षबागेत शेणखत भरताना कळलं. पुतण्या भरलेली बकेट छातीएवढी उचलून उतारावरून येत होता. त्याने ब्रेक दाबला, मागची चाकं थांबली, पण ट्रॅक्टर घसरतच राहिला. त्याने झटकन बकेट जमिनीला टेकवली म्हणून निभावलं.

बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. भार पुढे गेला की ते निकामी होतात. हिशेब सोपा आहे. दोन्ही एक्सलमधलं अंतर दीड मीटर आणि बकेट पुढच्या एक्सलच्या दीड मीटर पुढे असेल, तर बकेटमधले ३०० किलो मागच्या चाकांवरचे ३०० किलो कमी करतात आणि पुढच्या एक्सलवर ६०० किलो टाकतात. लोडरचं स्वतःचं वजन वेगळंच. शिवाय पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो, म्हणून ट्रॅक्टरला कलंडण्यापासून सावरतात ती मागचीच चाकं. ती हलकी झाली, की एखादा खड्डाही पुरतो.

मागच्या टायरमध्ये साधारण पाऊण भाग पाणी भरा. त्याने पकड वाढते, पण पुढच्या एक्सलचा ताण कमी होत नाही. तो कमी करायचा तर वजन मागच्या एक्सलच्याही मागे, लिफ्टवर हवं. आम्ही २०० लिटरचा ड्रम अर्धा कापून, लिंकेजच्या पिना बसवून काँक्रीटने भरला. सुमारे २४० किलो झाले. ते एक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे आले, की मागच्या चाकांवर ३८४ किलो वाढतात आणि पुढचे १४४ किलो उतरतात. रोटाव्हेटर जोडला तरी चालतं, फक्त पीटीओ बंद ठेवा. वजन किती हवं आणि लिफ्टला किती झेपतं, हे ट्रॅक्टर व लोडरच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवा. नांगरटीसाठी बंपरवर लावलेली वजनं लोडरच्या कामाआधी काढा आणि लोडर उतरवला की मागचा ड्रमही काढा. नाहीतर चढावर पुढची चाकं उचलतील.

वजन लावलं म्हणून निर्धास्त होऊ नका. चालताना बकेट जमिनीपासून फूटभरच वर ठेवा. भरलेली बकेट कायम चढाच्या बाजूला हवी, म्हणजे उतरताना ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये घ्या. उतारावर आडवं जाऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती. मागचं हलकं वाटलं की आपल्याकडे सर्रास दोन गड्यांना लिंकेजवर उभं करतात. धक्का बसला की ते थेट चाकाखाली जातात. वजन काँक्रीटचं लावा, माणसाचं कधीच नको.